ईस्टाचा अर्ज: जुना भारतीय पासपोर्ट, माहेरचं नाव आणि कधीकाळी नाकारलेला व्हिसा

ब्रिटिश, जर्मन, ऑस्ट्रेलियन, सिंगापूरचा किंवा गोव्याकडच्या मंडळींच्या बाबतीत पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चला, आता अमेरिकेला व्हिसा लागत नाही." वाक्य खरं आहे, पण अर्धंच. वकिलातीतली रांग गेली, मुलाखत गेली. चौकशी मात्र गेलेली नाही. ती आता विमानात बसायच्या आधी, घरच्या सोफ्यावर, समोर कोणी नसताना होते. समोर कोणी नसल्यामुळेच लोक ती फार हलक्यात घेतात, आणि मग चेक-इन काउंटरवर अडकतात.

या चौकशीचं नाव ईस्टा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिस्टिम फॉर ट्रॅव्हल ऑथरायझेशन. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत सध्या ४२ देश आहेत, त्यांच्या नागरिकांसाठी ही आहे. भारत त्यात नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर हा अर्ज भरताच येत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) असो वा नसो, बघितला जातो तो पासपोर्ट. कॅनडाचे नागरिक यात येत नाहीत, त्यांची व्यवस्था वेगळी. युरोपीय संघातले सगळे देश आत आहेत असंही धरून चालू नका. बल्गेरिया आणि सायप्रस बाहेर आहेत. रोमानियाचं नाव जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं आणि सवलत प्रत्यक्ष सुरू व्हायच्या आधीच मे महिन्यात मागे घेतलं गेलं.

ही भानगड आली कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण अर्जातले निम्मे प्रश्न त्या इतिहासातून आलेत. व्हिसामाफीचा कायदा १९८६ चा, आणि पहिला देश ब्रिटन, १९८८ मध्ये. त्या काळी पारख व्हायची ती देशाची. त्या देशाच्या लोकांचे प्रवासी व्हिसा किती टक्के नाकारले जातात ते बघायचं, प्रमाण ठरावीक मर्यादेच्या खाली असेल आणि बाकीच्या अटी जमल्या की सगळा देश एका झटक्यात विश्वासातला. त्या देशाचा पासपोर्ट घेऊन कोण माणूस येतोय हे मात्र तो अमेरिकेत उतरून काउंटरपुढे उभा राहीपर्यंत कळायचं नाही. विमानात हवाईसुंदरी आय-९४डब्ल्यू नावाचा हिरवा कागद वाटायची, लोक गुडघ्यावर ठेवून त्यावर "मी दहशतवादी नाही" अशा खुणा करायचे. चौकशी एवढीच.

या भोकातून कोण कोण गेलं याची नोंद आहे. अहमद अजाज १९९२ मध्ये फेरफार केलेल्या स्वीडिश पासपोर्टवर न्यूयॉर्कला उतरला. सामानात बाँब बनवायच्या पुस्तिका सापडल्या म्हणून पकडला गेला, आणि पुढे १९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर स्फोटाच्या कटात दोषी ठरला. झकारियास मुसावी फ्रेंच पासपोर्टवर २००१ मध्ये व्हिसाशिवाय आला. बुटात स्फोटकं लपवून पॅरिसहून मायामीच्या विमानात बसलेला रिचर्ड रीड ब्रिटिश नागरिक होता. तेव्हा २००७ च्या कायद्याने ठरलं की देशावरचा विश्वास राहू द्या, पण माणूस विमानात चढायच्या आधी तपासा. ऑगस्ट २००८ मध्ये ईस्टा ऐच्छिक म्हणून सुरू झालं, १२ जानेवारी २००९ पासून सक्तीचं. कल्पना मुळात अमेरिकेची नव्हे. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्येच ईटीए नावाचा असाच आगाऊ परवाना आणला होता.

पडद्यामागे काय होतं? तुम्ही भरलेली माहिती अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खात्याकडे, म्हणजे सीबीपीकडे जाते. तिथली यंत्रणा ती वेगवेगळ्या याद्यांशी लावून बघते: दहशतवादी संशयितांची यादी, पोलीस आणि सीमेवरच्या जुन्या नोंदी, इंटरपोलची हरवलेल्या-चोरलेल्या पासपोर्टांची यादी, वकिलातींनी नाकारलेले किंवा रद्द केलेले व्हिसा, पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांची नोंद. बहुतेकांना उत्तर काही मिनिटांत किंवा तासांत येतं, पण ७२ तास लागू शकतात. म्हणून उड्डाणाच्या किमान ७२ तास आधी अर्ज करा असं ते सांगतात. माझं मत विचाराल तर तिकीट काढायच्या आधीच करा. नाकारलं गेलं तर व्हिसाची मुलाखत घ्यावी लागते आणि तिची तारीख ७२ तासांत मिळत नाही.

एकदा मंजूर झालं की काम संपलं असंही नसतं. मंजूर झालेले अर्ज नव्या नोंदींशी पुन्हा पुन्हा ताडून बघितले जातात आणि मंजुरी मधेच रद्द होऊ शकते. चेक-इनला विमान कंपनी तुमच्या पासपोर्टची माहिती सीबीपीला पाठवते आणि तिकडून चढवा की चढवू नका असं उत्तर येतं. काउंटरवरच्या बाईंच्या हातात त्या उत्तरापलीकडे काही नसतं, त्यांच्याशी वाद घालून फायदा नाही. नको म्हटलेला माणूस आणला तर कंपनीला दंड बसतो, वर त्याला परत न्यायचा खर्च.

आता अर्ज.

पहिली पायरी पासपोर्टचं पान. तो चिपवाला ई-पासपोर्ट असावा लागतो. मुखपृष्ठावर आयतामध्ये गोल असं छोटं सोनेरी चिन्ह असतं ते बघा. फोनच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर फोटोचं पान स्कॅन करता येतं. ते स्कॅनच करा, हाताने टाइप करू नका. का, ते त्याच पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळींत लिहिलेलं आहे.

त्या प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या नऊ जागा पासपोर्ट नंबरच्या, आणि दहाव्या जागेवर एक पडताळणीचा आकडा. तो असा निघतो: नंबरातल्या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असं गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि दहाने भागून उरतं ते घ्यायचं. समजा नंबर १२३४५६७८९ आहे. गुणाकार येतात ७, ६, ३, २८, १५, ६, ४९, २४ आणि ९, बेरीज १४७, म्हणून पडताळणीचा आकडा ७. शेवटचे दोन आकडे उलटे लागून १२३४५६७९८ झाले तर बेरीज १४९ होते आणि आकडा ९ यायला हवा. ओळीत तर ७ छापलाय, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राला चूक तिथल्या तिथे कळते. हाताने टाइप केलेल्या चौकटीत हा दहावा आकडा विचारलाच जात नाही, त्यामुळे तुमची चूक पकडणारं कोणी नसतं. उलट काही लोक ओळ बघून दहाही आकडे उतरवून काढतात, तोही नंबर चुकीचाच.

जर्मन पासपोर्टवाल्यांची चूक वेगळी आणि फार ठरलेली आहे. त्या नंबरात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, त्यामुळे शून्य दिसलं की लोक इंग्रजी ओ टाइप करतात. जर्मन नंबरांत ओ हे अक्षर वापरतच नाहीत. स्वर त्यातून मुद्दाम वगळलेत. गोल दिसलं की शून्यच, डोळे मिटून.

ही चूक कळते कधी? काउंटरवर. तुमच्याकडे मंजुरीचा ईमेल असतो, छापील कागद असतो, पण विमान कंपनीचं यंत्र खरा पासपोर्ट वाचून खरा नंबर पाठवतं आणि त्या नंबरावर ईस्टा नसतो. मंजुरीनंतर अमेरिकेतला पत्ता, ईमेल, फोन असल्या गोष्टी बदलता येतात. पासपोर्ट नंबर, नाव, जन्मतारीख बदलत नाही. नवा अर्ज, नवी फी. पासपोर्टचं नूतनीकरण झालं की तेच. ईस्टा दोन वर्षं चालतो, पण जुन्या पासपोर्टबरोबर तोही संपतो, आणि हे लोक सर्रास विसरतात.

नावाची चौकट आपल्या लोकांना जास्त छळते. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेली नावं असे दोनच रकाने असतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं म्हणून आपण लिहितो, ते पासपोर्टवर दिलेल्या नावांच्या रकान्यात असेल तर अर्जातही तिथेच जायला हवं. पासपोर्टवर आहे ते, आहे तसं आणि आहे त्या क्रमाने.

त्याच्या पुढचा प्रश्न: तुम्हाला दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखतात का? घरात बंड्या म्हणतात ते नको. हवं आहे ते कागदोपत्री असलेलं जुनं नाव. माहेरचं आडनाव इथे भरायचं. लग्नात पहिलं नावही बदललं असेल, आपल्याकडे अजून काही घरांत बदलतात, तर तेही भरायचं. वीस वर्षांपूर्वी एखादी मुलगी माहेरच्या नावाने अमेरिकेत शिकायला गेली असेल, तर तिचा विद्यार्थी व्हिसा, बोटांचे ठसे, येण्याजाण्याच्या नोंदी सगळ्या त्या नावावर आहेत. आज तिचा ब्रिटिश पासपोर्ट पूर्ण वेगळ्या नावाचा आहे. दोन नावांचा दुवा अर्जात दिला तर यंत्रणेला एक सरळ माणूस दिसतो. नाही दिला तर ठसे जुळतात आणि नाव जुळत नाही, म्हणजे नको ती शंका. गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांचंही हेच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना ते घेता येतं; पण पोर्तुगीज दप्तरातलं आडनावाचं स्पेलिंग आणि जुन्या भारतीय पासपोर्टावरचं स्पेलिंग एकच असेल याची खात्री नाही. वेगळं असेल तर जुनं दुसऱ्या नावाच्या चौकटीत टाका.

मग येतं नागरिकत्व. इथे ओसीआय गोंधळ घालतं, कारण त्याच्या नावातच 'सिटिझन' आहे. प्रश्न तीन असतात. सध्या आणखी कुठल्या देशाचे नागरिक आहात का? भारतात जन्मून परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचं उत्तर: नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसरं नागरिकत्व स्वतःहून घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय हे नागरिकत्व नाही. पूर्वी कधी दुसऱ्या देशाचे नागरिक होतात का? हो, भारत. दुसऱ्या देशाने कधी पासपोर्ट किंवा प्रवासाचं ओळखपत्र दिलं होतं का? हो, भारताने, आणि मग त्याचा नंबर आणि मुदत संपायचं वर्ष.

त्या जुन्या नंबरासाठी घर उलथंपालथं करावं लागतं. सरेंडर सर्टिफिकेटवर, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्यावर, तो सापडतो. 'कॅन्सल्ड' शिक्का मारून परत मिळालेली पुस्तिका असेल तर तिच्यावर आहेच. ओसीआय कार्डावरचा नंबर तिथे टाकू नका, तो पासपोर्ट नंबर नव्हे. या तिन्ही प्रश्नांना घाईत "नाही, नाही, नाही" ठोकणारे पुष्कळ असतात, आणि जन्मगाव मात्र सांगली लिहिलेलं असतं. जन्म सांगलीचा, पण भारताचा नागरिक कधीच नव्हतो आणि भारतीय पासपोर्टही कधीच नव्हता? असं असू शकतं, पण वाचणारा एकदा थांबतोच.

यापुढचे नऊ हो-नाही प्रश्न हा अर्जाचा खरा गाभा. त्यातले तीन नीट बघू, बाकीचे तुमचे तुम्हाला समजतील.

सगळ्यात जास्त लोक जिथे घसरतात तो प्रश्न व्हिसा नाकारल्याचा. आत्ताच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर अर्ज केलेला अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेलाय का? 'आधीच्या' हा शब्द तिथे स्पष्ट आहे. बावीस-तेवीस वर्षांचे असताना मुंबईच्या वकिलातीत विद्यार्थी व्हिसाची मुलाखत दिली, खिडकीतून कलम २१४(ब) चा, म्हणजे नकाराचा कागद हातात पडला, मग लंडन किंवा फ्रँकफर्ट गाठलं, पुढे तिथलं नागरिकत्व मिळालं, ही वाट आपल्याकडे काही विरळ नाही. "तो भारतीय पासपोर्ट होता, आता संपला तो विषय" असं म्हणून 'नाही'वर टिचकी मारली जाते. पण विषय संपलेला नसतो. नकाराची नोंद अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे आहे, आणि ठसे दिले असतील तर ठशांसकट.

हो म्हटलं तर काय होतं? केव्हा, कुठे, कोणत्या प्रकारचा व्हिसा हे विचारतात. मंजुरी मिळू शकते, नकारही मिळू शकतो. नकार मिळाला तर त्याचा अर्थ अमेरिकेचं दार बंद असा नाही. साधा बी१/बी२, म्हणजे पर्यटनाचा किंवा कामाच्या भेटीचा व्हिसा काढा एवढाच. या नकारावर अपील नसतं. नाही म्हटलं आणि सापडलात तर प्रकरण दुसऱ्या कलमाखाली जातं: खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवायचा प्रयत्न. त्याची अपात्रता आयुष्यभराची, आणि पुढचा प्रत्येक व्हिसा त्या अपात्रतेतून सूट मागणारा वेगळा अर्ज करूनच मिळवायचा. चाळीसेक डॉलरची फी आणि एक मुलाखत वाचवायला एवढी किंमत मोजू नये.

इथे उलटी भीतीही दिसते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव न लागणं म्हणजे व्हिसा नाकारणं नव्हे. तिथे व्हिसाचा अर्ज झालेलाच नसतो. कंपनीची पिटिशन इमिग्रेशन खात्याने फेटाळली तर तोही व्हिसाचा नकार नाही. नकार म्हणजे वकिलातीत व्हिसाचा अर्ज करून तो नाकारला गेला तो.

दुसरा प्रश्न अटकेचा. मालमत्तेचं गंभीर नुकसान किंवा दुसऱ्या व्यक्तीला वा सरकारी यंत्रणेला गंभीर इजा झालेल्या गुन्ह्यात अटक झाली होती किंवा दोषी ठरलात का, असं ते विचारतात. वेगाने गाडी चालवल्याचा दंड यात येत नाही. पण 'अटक किंवा दोष' असे शब्द आहेत, तेव्हा "कोर्टाने सोडलं" हे उत्तर चालत नाही. ब्रिटनमध्ये काही वर्षांनी जुनी शिक्षा कायद्याने पुसली गेली असं धरतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही.

तिसरा प्रश्न प्रवासाचा. १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सिरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन किंवा उत्तर कोरियाला गेला होतात का, आणि १२ जानेवारी २०२१ नंतर क्यूबाला? यातल्या पहिल्या काही देशांची अट २०१५ च्या कायद्यातून आली, बाकीचे नंतर जोडले गेले. लष्करी किंवा सरकारी कामावर गेलेल्यांना थोडी सूट आहे. बाकी एकदा गेलात की ईस्टा नाही, व्हिसा. हे संशयित ठरवणं नाही, पण सवलत जाते. आपल्यापैकी कोणाला लागू होतं ते सांगतो: करबला-नजफच्या जियारतला, म्हणजे तीर्थयात्रेला गेलेले मुंबईचे बोहरी आणि इतर शिया कुटुंबीय, बसऱ्याला किंवा लिबियात तेलाच्या प्रकल्पावर काम केलेले इंजिनियर, ज्यांचं जहाज बंदर अब्बासला लागलं आणि जे तिथे उतरले ते मर्चंट नेव्हीतले, आणि मँचेस्टरहून सुट्टीला हवानाला जाऊन आलेलं निरागस जोडपं. शेवटच्या मंडळींना धक्का जास्त बसतो, कारण ब्रिटनमध्ये क्यूबा ही साधी समुद्रकिनाऱ्याची सहल समजतात.

समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावं डिसेंबर २०१६ पासून अर्जात ऐच्छिक विचारली जातात. डिसेंबर २०२५ मध्ये सीबीपीने मागच्या पाच वर्षांची खाती सक्तीने मागण्याचा प्रस्ताव मांडला. तुम्ही अर्ज भराल त्या दिवशी स्क्रीनवर जे असेल तेच खरं मानायचं. भरायची ठरवलीत तर खरीच भरा, एवढंच.

बाकी तपशिलात आईवडिलांची नावं, नोकरीचा पत्ता, अमेरिकेतला पत्ता आणि अडचणीच्या वेळचा संपर्क लागतो. अमेरिकेत फिरणार असाल तर पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलचा पत्ता पुरतो. तान्ह्या बाळालाही स्वतःचा ईस्टा लागतो. मांडीवर बसणार म्हणून सुटका नाही.

पैशांचं. सुरुवातीला हे फुकट होतं. ८ सप्टेंबर २०१० पासून १४ डॉलर, मे २०२२ पासून २१, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला ते एकदम ४० झाले. शिवाय दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ करायची तरतूद कायद्यातच आहे. अर्ज सुरू करून सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर तो पुसला जातो. सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे मध्यस्थांची संकेतस्थळं. शोधयंत्रात ईस्टा टाकलं की वर जाहिराती येतात, गरुडाचं चित्र, निळा रंग, सगळं सरकारी दिसतं, आणि फी दुप्पट-तिप्पट. खरा पत्ता 'ईस्टा डॉट सीबीपी डॉट डीएचएस डॉट जीओव्ही' असा आहे. शेवट जीओव्हीने होत नसेल तर बंद करा. जास्तीचे पैसे गेले तर गेले, पण टाइप तो दुसरा माणूस करतो, ईमेलही त्याचा असतो, आणि उत्तर खोटं असलं तर जबाबदारी तुमची.

निकाल तीन प्रकारचा: मंजूर, प्रलंबित, आणि प्रवासाला परवानगी नाही. प्रलंबित दिसलं म्हणून दुसरा अर्ज टाकू नका. नावसाधर्म्यामुळे पुन्हा पुन्हा विमानतळावर अडवलं जात असेल तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे डीएचएस ट्रिप नावाची तक्रारीची सोय आहे. तिथून मिळणारा रिड्रेस नंबर पुढच्या तिकिटाच्या बुकिंगमध्ये टाकायचा.

मंजुरी म्हणजे विमानात चढायची परवानगी, देशात शिरायची नव्हे. शिरू द्यायचं की नाही ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो, ठसे आणि फोटो घेऊन. डब्लिन, शॅनन आणि अबू धाबीला अमेरिकी अधिकारी तिथेच बसतात, त्यामुळे हे सगळं चढायच्या आधी उरकतं. आणि एक गोष्ट अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांत असते, ती वाचत कोणी नाही: व्हिसामाफीवर येणारा माणूस, आश्रयाची मागणी सोडली तर, अधिकाऱ्याच्या निर्णयाला आव्हान द्यायचा हक्क सोडून देतो. व्हिसावाल्याला यापेक्षा जास्त संरक्षण असतं.

मुक्काम ९० दिवस. वाढवून मिळत नाही. मधेच आठ दिवस कॅनडाला किंवा मेक्सिकोला जाऊन आलात तरी घड्याळ चालूच राहतं. एक दिवस जास्त राहिलात तरी पुढे ईस्टा बंद, व्हिसाच काढायचा. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नहून न्यूजर्सीला निघालेल्या आजींनी आधी हिशेब करावा: बाळंतपणाच्या पंधरा दिवस आधीपासून बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत राहायचं असेल तर ९० दिवसांत बसत नाही. त्यांनी बी२ व्हिसाच काढावा, त्यावर बहुधा सहा महिने मिळतात. मात्र आपण होऊन व्हिसा काढायला गेलात आणि तो नाकारला गेला, तर वर सांगितलेल्या प्रश्नाला यापुढे कायम हो म्हणावं लागेल. ९० दिवसांत भागत असेल तर उगाच वकिलातीची पायरी चढू नका.

काम करता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण काम कशाला म्हणतात यावर गाडी अडते. मीटिंगला, परिषदेला जाता येतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला प्रेक्षक म्हणून खुशाल जा. मानधन घेऊन स्टेजवर गायचं असेल तर ईस्टा चालत नाही, कलाकारांचा व्हिसा वेगळा. बातमीदारी करायला जाणाऱ्यालाही ईस्टा चालत नाही.

परतीचं तिकीट लागतं. ते मेक्सिको, कॅनडा किंवा कॅरिबियन बेटांवर संपणारं असेल तर तुम्ही तिथले रहिवासी असायला हवं. ईस्टाची मुदत मात्र उतरायच्या दिवशी चालू असली की पुरे; मुक्कामात संपली तर बिघडत नाही.

हीच पद्धत आता सगळीकडे पसरली आहे, आणि अमेरिकेतल्या मराठी लोकांना ती उलट्या बाजूने भेटते. अमेरिकी पासपोर्टवर ब्रिटनला जायला ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए लागतो, आणि २५ फेब्रुवारी २०२६ पासून त्याशिवाय विमानात चढू देत नाहीत. युरोपचा एटियास २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं ठरलंय, फी २० युरो, मुदत तीन वर्षं. कॅनडाचा ईटीए सात कॅनेडियन डॉलरचा, पाच वर्षांचा. पण अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय नागरिकाला एप्रिल २०२२ पासून तोही लागत नाही, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दाखवलं की झालं.

वाटेत विमान बदलण्याचे नियम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अगदी उलटे आहेत, आणि नेमके तिथेच लोक फसतात. अमेरिकेत आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही. लंडनहून मायामीमार्गे कॅनकूनला निघालात, मायामीत दोनच तास आहात, तरी ईस्टा हवा. न्यूजर्सीहून हिथ्रोमार्गे मुंबईला जाताना इमिग्रेशन पार न करता आतल्या आत विमान बदललं तर अमेरिकी पासपोर्टला ब्रिटनचा ईटीए लागत नाही. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायला बाहेर यावं लागलं, की लागतो.